महारेराला खुले पत्र : जोत्यावर ४५ टक्के ही मर्यादा आहे की नुसती सूचना?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा), मुंबई

विषय : ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’, १०:९०, भाडेहमी इत्यादी योजना आणि बांधकामाच्या टप्प्यापुढे जाऊन होणारे गृहकर्जाचे वितरण

महोदय,

पिंपरी-चिंचवड आणि त्याच्या पश्चिमेकडच्या गावांतून जाणाऱ्या रस्त्यांवरचे फलक सध्या वाचत गेले, तर काही वर्षांपूर्वी बंद झाली असे आपण सगळेच समजून चाललो होतो ती योजना वेगवेगळ्या नावांनी पुन्हा विकली जात असल्याचे कोणाच्याही लक्षात येईल. कुठे ‘आत्ता बुक करा, हप्ता ताब्यानंतर’ असे लिहिलेले असते, कुठे ‘फक्त १० टक्के भरा’, तर कुठे ‘व्याज आमचे, घर तुमचे’. या योजनांना मुळात परवानगी का मिळते, हा प्रश्न मी रिझर्व्ह बँकेला विचारणार आहेच. आपल्याला हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. या योजनांना रोखणारे, म्हणजे बांधकामाच्या टप्प्यानुसारच पैसे घेण्याचे, कलम राज्याच्या नियमांसोबतच्या विक्रीकराराच्या नमुन्यात २०१७ पासून छापलेले आहे, आणि तरीही ते बाजूला सारून करार नोंदवले जातात. त्याबद्दल गप्प बसणे मला आता शक्य नाही.

माझा यात संबंध काय, हे आधी सांगते. मी एका लघुउद्योगात हिशेबाचे काम करते आणि माझे पती चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. २०१७ च्या अखेरीस आम्ही ५५ लाखांची सदनिका घेतली. ११ लाख आमचे आणि ४४ लाख एका गृहवित्त कंपनीचे कर्ज, अशी रचना होती. योजनेचे नाव ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ असे होते. ताबा मिळेपर्यंतचे व्याज बिल्डर भरणार, असे माहितीपत्रकात ठळक छापलेले होते. बिल्डर, कर्ज देणारी कंपनी आणि आम्ही यांच्यातल्या त्रिपक्षीय करारात मात्र ‘३६ महिने किंवा ताबा, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत’ अशी शब्दयोजना होती, आणि त्याच्याच खालच्या परिच्छेदात बिल्डरने व्याज भरले नाही तरी परतफेडीची संपूर्ण जबाबदारी कर्जदाराची राहील, असे स्पष्ट नमूद होते. इमारतीचे जोते (पायावरचा जमिनीलगतचा चौथरा) पूर्ण झाले त्या सुमारास कंपनीने ४४ पैकी ३८ लाख रुपये बिल्डरच्या खात्यात जमा केलेले होते. छत्तीस महिने भरायच्या आधीच बिल्डरने व्याज भरणे थांबवले आणि वसुलीचे दूरध्वनी आमच्या घरी येऊ लागले. इमारत आजही अपुरी आहे.

आता याच आकड्यांशेजारी नमुना करारातील आकडे ठेवून पाहावेत, ही विनंती. त्या नमुन्यानुसार करार झाल्यावर एकूण किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत, सर्व स्लॅब पूर्ण झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत आणि पुढे भिंती, गिलावा, नळजोडणी, लिफ्ट असे करत ९५ टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. उरलेली रक्कम भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर ताबा देताना घ्यायची असते. म्हणजे जोत्यावर आमच्याकडून जास्तीत जास्त २४ लाख ७५ हजार रुपये घेता आले असते. प्रत्यक्षात आमचे ११ आणि कर्जाचे ३८ मिळून ४९ लाख, म्हणजे किमतीच्या ८९ टक्के रक्कम गेलेली होती. मर्यादा पाळली गेली असती तर कर्जापैकी पावणेचौदा लाखच वितरित झाले असते आणि साडेआठ टक्के दराने त्याचे व्याज महिन्याला पावणेदहा हजारांच्या आसपास आले असते. आम्हांला ते सत्तावीस हजारांच्या जवळ पडले, आणि घरभाडे त्याशिवाय. बिल्डर बुडाला किंवा रखडला तरी एखादे कुटुंब पावणेदहा हजारांचा भार कसाबसा सोसू शकते. सत्तावीस हजारांत ते मोडते.

एरवी ‘क्रिएटिव्ह फायनान्सिंग’ अशा भारदस्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेचे खरे स्वरूप एका वाक्यात सांगता येते: बिल्डरला बांधकामासाठी हवे असलेले कर्ज ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या पगारपत्रकावर आणि ग्राहकाच्या सिबिलवर काढले जाते. बिल्डरला बांधकामासाठी जे कर्ज बाजारात महाग मिळते, त्यापेक्षा गृहकर्ज कितीतरी स्वस्त असते, आणि शिवाय जोखीम त्याच्या ताळेबंदात दिसत नाही. वित्तसंस्थेलाही एका बिल्डरऐवजी शंभर पगारदार कर्जदार मिळतात. दोघांचेही हित सांभाळले जाते, आणि इमारत रखडल्यावर दोघांपैकी कोणाच्याही दारात वसुलीवाला येत नाही.

माझी पहिली तक्रार अशी. प्रवर्तक (म्हणजे बिल्डर) आणि ग्राहक यांच्यातील करारातील काही कलमे बदलता येणार नाहीत, असे आपणच डिसेंबर २०२२ मध्ये ठरवून दिले. दैवी आपत्ती, दोष दायित्व कालावधी, चटई क्षेत्र आणि अभिहस्तांतरण (मालकी खरेदीदारांच्या संस्थेच्या नावे करून देणे) ही ती कलमे होत. पुढे वाहनतळाच्या तपशिलाबाबतही आपण असाच आग्रह धरला. हा निर्णय चांगलाच होता. परंतु ग्राहकाचा पैसा कोणत्या टप्प्यावर किती जाईल, हे ठरवणारे कलम त्या यादीत नाही. गळणाऱ्या छताची जबाबदारी पाच वर्षे कोणाची, हे अपरिवर्तनीय असावे आणि छत ओतण्याआधीच ८९ टक्के पैसे घेता येतील का, हे मात्र दोन पक्षांच्या मर्जीवर सोडावे, यामागचे तर्कशास्त्र मला समजलेले नाही. खरे तर पक्ष दोनही नसतात. विक्री कार्यालयात टोकन भरून बसलेल्या माणसासमोर छापील करार आणि सोबतची जोडपत्रे ठेवली जातात. त्यातला शब्दही बदलून मिळत नाही.

दुसरी तक्रार दोन नियामकांच्या मधल्या फटीविषयी आहे. ३ सप्टेंबर २०१३ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवले होते की ८०:२० किंवा ७५:२५ अशा योजनांत बांधकामाआधीच पूर्ण कर्ज देऊन टाकण्यात ग्राहकाला मोठा धोका आहे, त्यामुळे वितरण बांधकामाच्या टप्प्यांशी घट्ट जोडलेले असावे. १९ जुलै २०१९ रोजी राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना सांगितले की बिल्डरने कर्जदाराच्या वतीने हप्ते भरण्याच्या योजना देऊ नयेत, बांधकामाच्या प्रगतीवर देखरेखीची व्यवस्था असावी आणि बिल्डरला रक्कम सोडण्यापूर्वी कर्जदाराची संमती घ्यावी. त्यानंतरच्याच महिन्यात या कंपन्यांचे नियमन रिझर्व्ह बँकेकडे गेले. कागदावर सगळे चोख आहे. पण ग्राहक रिझर्व्ह बँकेकडे गेला तर बिल्डर त्यांच्या कक्षेत नाही, आणि आपल्याकडे आला तर वित्तसंस्था आपल्या कक्षेत नाही. या फटीतून जे बाहेर पडते त्याची व्याप्ती किती असू शकते, हे दिल्ली परिसराने दाखवून दिले आहे. तेथील सबव्हेन्शन (ताब्यापर्यंतचे व्याज बिल्डरने भरण्याच्या) योजनांत अडकलेल्या खरेदीदारांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये बँका आणि बिल्डर यांच्या संगनमताची प्राथमिक चौकशी सीबीआयकडे सोपवली, जुलैमध्ये २२ गुन्हे नोंदवण्यास परवानगी दिली, आणि पुढे ही चौकशी मुंबईसह इतर शहरांतील प्रकल्पांपर्यंत पोहोचली. महाराष्ट्रातही त्याच वळणाची वाट पाहायची का?

बंदी आल्यावर योजना थांबली नाही, तिने रूप बदलले. आता बिल्डर व्याज थेट वित्तसंस्थेला भरत नाही. कर्ज साधे गृहकर्ज म्हणून मंजूर होते, हप्ता किंवा प्री-ईएमआय (पूर्ण हप्ता सुरू होण्याआधीचे नुसते व्याज) कर्जदाराच्या खात्यातून जातो, आणि तेवढी रक्कम बिल्डर ‘भाडे सहाय्य’ किंवा ‘विशेष सवलत’ म्हणून दर महिन्याला कर्जदाराच्या खात्यात जमा करतो. या व्यवस्थेचा पुरावा म्हणजे बिल्डरच्या लेटरहेडवरचे एक पानी पत्र. नोंदणीकृत करारात त्याचा उल्लेख नसतो, उलट ‘या करारापूर्वीची सर्व आश्वासने रद्द समजावीत’ असे एक कलम असते. दुय्यम निबंधकांसमोर दस्त नोंदवताना ते पत्र खरेदीदाराच्या पिशवीत असते आणि दस्तात त्याच्या विरुद्ध लिहिलेले असते.

माझ्या एका सहकाऱ्याला अलीकडेच चॅनेल पार्टनरने (बिल्डरसाठी सदनिका विकणाऱ्या एजंटाने) दिलेली कॉस्ट शीट, म्हणजे किमतीचा तक्ता, मी पाहिली. तिच्यात दोन रकाने होते. नियमित योजनेचा दर आणि हप्तामुक्त योजनेचा दर यांत चौरस फुटामागे साडेतीनशे रुपयांचा फरक होता. ६४० चौरस फूट चटई क्षेत्रावर हा फरक २ लाख २४ हजार होतो. त्यावर ५ टक्के जीएसटी आणि आमच्या भागातले ७ टक्के मुद्रांक शुल्क धरले की अडीच लाखांच्या वर. म्हणजे बिल्डर जे व्याज ‘भरतो’ ते ग्राहकाकडून किमतीत आधीच घेतलेले असते, त्यावर कर आणि शुल्कही ग्राहकच भरतो, आणि कर्जातून घेतलेल्या त्या वाढीव रकमेचे व्याज वीस वर्षे फेडतो. तो दुसरा रकाना पेन्सिलने लिहिलेला होता, आणि विक्री प्रतिनिधीने त्याची छायाप्रत देण्यास नकार दिला.

१०:९० बाबत मात्र सरसकट टीका करणे अन्यायाचे होईल, कारण या नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी विकल्या जातात. स्थावर संपदा कायद्याच्या (रेरा) कलम १३ नुसार नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. खरोखर १० टक्के घेऊन उरलेले ९० टक्के भोगवटा प्रमाणपत्रानंतरच घेणारा आणि बांधकामाचा खर्च स्वतःच्या भांडवलातून किंवा स्वतःच्या नावावरच्या कर्जातून करणारा बिल्डर असेल, तर ग्राहकासाठी याहून सुरक्षित व्यवहार नाही, आणि अशी वित्तीय कल्पकता कोणी दाखवत असेल तर तिचे स्वागतच केले पाहिजे. पण बहुतेक फलकांवरच्या १०:९० मध्ये ग्राहकाने फक्त १० टक्के भरायचे असतात आणि उरलेल्यातला मोठा भाग त्याच्या कर्जातून लगेच उचलला जातो. फलकावर दोन्ही सारखेच दिसतात. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीवर क्यूआर कोड असणे आपण बंधनकारक केले, तो कोड स्कॅन केल्यावर प्रकल्पाची माहिती उघडते, परंतु त्या माहितीत या योजनेच्या अटी शोधल्या तर सापडत नाहीत.

दुकाने आणि कार्यालयांच्या गाळ्यांवर ‘ताब्यापर्यंत दरमहा खात्रीचा परतावा’ किंवा ‘अमुक वर्षांनी परतखरेदी’ देणाऱ्या योजनांविषयी थोडक्यातच लिहिते, कारण ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा, अनियमित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा, आणि अंशतः मालकीच्या (एकाच मालमत्तेतले छोटे वाटे अनेकांना विकण्याच्या) व्यवसायासाठी सेबीने मार्च २०२४ मध्ये केलेली चौकट ही आयुधे इतरांच्या हातात आहेत. एक गोष्ट मात्र आपल्या कक्षेतली आहे. १२ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ताब्याऐवजी खात्रीच्या परताव्यावर किंवा परतखरेदीच्या अटीवर भर देणारा खरेदीदार हा सट्टेबाज गुंतवणूकदार ठरू शकतो आणि त्याला बिल्डरविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करता येणार नाही. इतर मंच त्याला खुले राहतात. म्हणजे ज्या कलमाला भुलून निवृत्तीचा पैसा लावला जातो, तेच कलम पुढे ग्राहकाचा एक महत्त्वाचा हक्क काढून घेते. हे कोणताही एजंट सांगत नाही. एजंटांसाठी आपण प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. त्या अभ्यासक्रमात हा मुद्दा असावा, एवढीच अपेक्षा.

आणखी एक बाब आपल्याच नियमांतून समोर येते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून जमीन आणि बांधकाम यांवरच खर्च करायचे, हा कायद्याचा कणा आहे, आणि जुलै २०२४ पासून तीन बँक खात्यांची पद्धत लागू करून आपण तो अधिक बळकट केला. परंतु उरलेले ३० टक्के प्रवर्तकाला मोकळेपणाने वापरता येतात. आमच्या सदनिकेच्या ४९ लाखांवर हा हिशेब लावला तर जोत्याच्याच टप्प्यावर १४ लाख ७० हजार रुपये मोकळे होतात. टप्प्यांची मर्यादा पाळली असती तर ते साडेसात लाखांच्या आत राहिले असते. पैसा वेळेआधी आला की ७० टक्क्यांची तटबंदी असूनही प्रकल्पातून बाहेर जाऊ शकणारी रक्कम दुप्पट होते. पुढे स्लॅब ओतायला पैसे नसतात, यात आश्चर्य ते काय!

बिल्डरांच्या संघटनांचे म्हणणे मी वाचले आहे. भाडे आणि हप्ता दोन्ही एकाच वेळी भरणे पगारदार माणसाला जड जाते, म्हणून ग्राहकच अशा योजना मागतो, असे ते म्हणतात. ग्राहकाची अडचण खरी आहे, मलाही ती ठाऊक आहे. पण त्या अडचणीवरचा उपाय टप्प्याटप्प्याने पैसे घेणे हाच आहे. इमारत जेवढी वर गेली तेवढेच कर्ज वितरित झाले, तर सुरुवातीचे व्याज आपोआपच कमी राहते आणि कोणी ते दुसऱ्याच्या वतीने भरण्याची गरज उरत नाही.

विलंबाचे इतर परिणाम आपल्याला सांगायला नकोत. कलम १८ नुसार विलंबाचे व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेच्या कर्जाच्या आधारभूत दरापेक्षा) २ टक्के अधिक दराने मिळते, पण आदेश आणि प्रत्यक्ष वसुली यांच्यामध्ये महसूल खात्याची वॉरंटे असतात. दरम्यान कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षानंतर पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झाले नाही, तर जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट दोन लाखांवरून तीस हजारांवर येते. बिल्डरच्या उशिराचा दंड आयकरातही खरेदीदारालाच पडतो.

यास्तव माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

नमुना करारातील टप्पानिहाय रकमेचे कलम अपरिवर्तनीय कलमांच्या यादीत घालावे, आणि कोणत्याही जोडपत्राने, त्रिपक्षीय कराराने किंवा लेटरहेडवरील पत्राने ते बदलता येणार नाही, असे स्पष्ट करावे. ही मागणी मान्य झाली आणि बाकी एकही झाली नाही, तरी पुष्कळ कुटुंबे वाचतील.

कलम ३७ खाली आपल्याला प्रवर्तकांना बंधनकारक निर्देश देता येतात. वित्तसंस्थेला आपण आदेश देऊ शकत नसाल, पण ‘पूर्ण झालेल्या टप्प्यापुढील रक्कम ग्राहकाकडून किंवा त्याच्या वतीने कोणाकडूनही स्वीकारू नये’ असे प्रवर्तकाला निश्चितच सांगू शकता. तपासणीची साधने आपल्याकडे तयार आहेत. स्वतंत्र खात्यातून पैसे काढताना वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांची नमुना १, २ आणि ३ मधील प्रमाणपत्रे लागतात, तिमाही प्रगती अहवाल संकेतस्थळावर येतात, आणि सर्व जमा रक्कम एकाच संकलन खात्यात पडते. इमारतीची टक्केवारी आणि त्या खात्यातील सदनिकानिहाय जमा एकमेकांशी ताडून पाहणे हे कारकुनी काम आहे. मी ते रोज दुसऱ्या कागदांवर करते.

प्रकल्पाच्या पानावर ‘वित्तीय योजना’ असा स्वतंत्र रकाना असावा. त्यात वित्तसंस्थेचे नाव, व्याज कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत भरणार, ताब्यापूर्वी कर्ज वितरित होणार की नाही, आणि योजनेशिवायचा दर, ही माहिती देणे बंधनकारक करावे, आणि जिथे ती दिलेली नाही तिथे अशी जाहिरात करण्यास मनाई असावी.

कलम ३२ अन्वये आपण शासनाला शिफारशी करू शकता. त्या अधिकारात राज्य शासनामार्फत रिझर्व्ह बँकेकडे दोन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, प्रत्येक वितरणापूर्वी कर्जदाराची त्या वितरणापुरती स्वतंत्र संमती घ्यावी. मंजुरीच्या दिवशी घेतलेल्या कोऱ्या सह्या संमती मानू नयेत. दुसरी, विलंबाची तक्रार आपल्यापुढे प्रलंबित असताना, बिल्डरने थकवलेल्या व्याजाची नोंद कर्जदाराच्या सिबिलवर करू नये.

या चार मागण्यांपैकी कोणत्या आपल्या अधिकारात बसतात आणि कोणत्या बसत नाहीत, याचे लेखी उत्तर संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे. बसत नाहीत असे उत्तर आले तर त्या घेऊन आम्ही राज्य शासनाकडे जाऊ. टप्प्यांच्या कलमाविषयी निर्णय घेण्यापूर्वी हरकती आणि सूचना मागवल्या जाणार असतील, तर आमच्या प्रकल्पातील खरेदीदारांचा संघ आपले करार, वितरणाच्या तारखा आणि बांधकामाची त्या-त्या वेळची छायाचित्रे घेऊन सुनावणीस उपस्थित राहील.

आपली विश्वासू,
एक कर्जदार सदनिका खरेदीदार
पिंपरी-चिंचवड

प्रत माहितीसाठी : गव्हर्नर, भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई